सात नंबरची पोस्ट

घड्याळजी गेले त्याला एकवीस दिवस झाले होते आणि त्यांच्या बायकोला अजून रडू आलं नव्हतं. येत नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. ती सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये जायची, नळ्यांवर नंबर चिकटवायची, परत येऊन दोघांचा स्वयंपाक करायची. दुसरं ताट नणंद जेवायची, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही. नणंद राहायला आली होती ती वहिनीला बोलतं करायला. प्रत्यक्षात दोघींच्या वाटचं तीच बोलत होती.

मागे उरला होता तो ग्रुप. भिंतीवरची जुनी घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांचा, अकरा हजार माणसांचा, नऊ वर्षांपूर्वी घड्याळजींनी सुरू केलेला. मॉडरेटर ते एकटेच. भांडणं मिटवायची, आगाऊ लोकांना हाकलायचं, नको त्या पोस्टी काढून टाकायच्या, सगळं त्यांच्याच हातात. आता कंपनीची नोटीस आली होती. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत नवा मॉडरेटर नेमला नाही, तर ग्रुप बंद आणि आतलं सगळं पुसलं जाणार.

आत नऊ वर्षांचं त्यांचं बोलणं होतं. घरात हा माणूस मीठ मागतानासुद्धा नुसता हात पुढे करायचा, पण तिथे एका स्प्रिंगवर दोन-दोन पानं लिहायचा. तेही गेलं तर मग काहीच नाही, हे तिला कळत होतं. तेही गेलं आणि तरी आपल्याला काही वाटलं नाही तर काय, एवढीच एक भीती तिच्यात शिल्लक होती.

मॉडरेटर कसा निवडायचा ते घड्याळजींनी ठरवून ठेवलेलं होतं. दहा जुन्या पोस्टी द्यायच्या, लिहिणाऱ्यांची नावं झाकून, आणि विचारायचं, ठेवाल की काढाल आणि का. नाव दिसलं की माणूस ओळखी बघतो, असं त्यांचं म्हणणं. या परीक्षेत नऊ वर्षांत एकही जण त्यांच्या पसंतीला उतरला नव्हता. उपवर मुलीचा बापसुद्धा इतकी स्थळं परत पाठवत नाही.

बुधवारी तिने घड्याळजींच्या फोनवरून त्या दहा पोस्टी निवडायला घेतल्या. ग्रुपला एक चाळणी होती, तीही त्यांनीच बसवलेली. नियम चार असा की घड्याळांखेरीज काही लिहायचं नाही. घरचं नाही, दुखण्याबाण्याचं नाही. तसले शब्द आले की पोस्ट, मग ती कोणाची का असेना, आपोआप अडकायची आणि मॉडरेटरने बघेपर्यंत कोणालाच दिसायची नाही. अडकलेल्यांतल्या वरच्या दहा तिने उचलल्या, नावं खोडली, एक ते दहा नंबर टाकले. वाचली एकही नाही. लॅबमध्ये नळीवर नाव वाचायचं नाही, नंबर बघायचा, अशी तिची वीस वर्षांची शिस्त होती आणि तिथे तिची कधी चूक झाली नव्हती.

शुक्रवारी साडेतीनला तिघांची उत्तरं समोर होती. एकाचं टोपणनाव लंबक, दुसऱ्याचं काटेकोर, आणि एक बाई होती तिचं बंदघड्याळ.

"लंबक नको," नणंद म्हणाली. "सगळ्याच पोस्टी ठेवा म्हणतोय. हा भांडणं काय सोडवणार, त्यालाच सोडवावं लागेल. काटेकोरला दे. दहाच्या दहा उत्तरांत नियमाचा नंबर आहे."

"बरं."

"बरं काय? तू वाचलंस का तरी?"

"तुम्ही वाचलंत ना."

तिने बोट काटेकोरच्या नावावर नेलं. तेवढ्यात नणंद म्हणाली, "थांब गं. या बंदघड्याळचं एकच उत्तर लांबलचक आहे. सात नंबर. ऐक. 'नियम चारप्रमाणे ही पोस्ट काढावी लागेल. पण काढण्याआधी खाली एवढंच लिहीन, वाचलं. माणसाने तेवढंच मागितलंय. नाव झाकलंय, म्हणून कोणाची ते विचारत नाही.' आणि काटेकोर काय म्हणतो? 'काढा. नियम चार.' बरोबरच आहे म्हणा त्याचंही. पण मागितलंय तरी काय या माणसाने?"

नणंदेने चष्मा वर सारला आणि सात नंबर मोठ्याने वाचायला घेतला.

"मंडळी, दवाखान्यातून लिहितोय. उद्या ऑपरेशन. डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावून सांगितलं, फार भरवसा धरू नका. बायको बाहेर बाकावर बसली आहे, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत माझे घरी जायचे कपडे आहेत. तिला सांगायला तोंड उघडत नाही. कोणालातरी सांगावं म्हणून इथे लिहिलं. उत्तर नको, नुसतं वाचलं एवढं लिहा."

नणंद थांबली. "कोण गं बिचारा," ती म्हणाली.

ती पिशवी वहिनीने स्वतः भरली होती. कपड्यांत निळा सदरा होता, वरचं बटण तिने आदल्या दिवशीच शिवलं होतं. पिशवी अजून कपाटाखाली होती, तशीच.

तिने अडकलेल्या पोस्टींचं पान उघडून सात नंबरवरचं नाव नणंदेला दाखवलं. नणंदेने चष्मा काढून हातात धरला. चाळणी भावाचीच, अडकला भावाचाच निरोप, आणि सोडवणारा एकटा तोच. पोस्ट अडकलीय हे ध्यानातही न येता, दवाखान्यात फोन उशाशी घेऊन तो 'वाचलं'ची वाट बघत राहिला असेल, आणि अकरा हजारांतल्या एकालाही ते दिसलं नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने बंदघड्याळला मॉडरेटर केलं. सोबत लिहिलं, "सात नंबर अजून अडकलेली आहे. नाव आता तुम्हाला दिसेल. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

उत्तर आलं नाही. पण साडेचारच्या सुमाराला पोस्ट ग्रुपवर आली. खाली बंदघड्याळने एकच शब्द लिहिला होता, "वाचलं."

तिने कपाटाखालची पिशवी ओढून मांडीवर घेतली. मग एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, त्याच्याखाली लिहिलं, "वाचलं. मी बाकावरच होते."