चार बोटांचं अंतर

मी एक पिवळीधमक स्पोर्ट्स कार बोलतेय. मुलुंड पूर्वेला स्नेहदीप सोसायटीत एकोणीस नंबरच्या पार्किंगमध्ये राखाडी कापड पांघरून एक बुटकी गाडी उभी दिसेल, कापडावर कबुतरांनी केलेली रांगोळी दिसेल, तीच मी. मनात आणलं तर मी ताशी तीनशे किलोमीटर धावू शकते. गेले तीन महिने मी तीन फूटही हललेले नाही.

त्याची तक्रार करायला मी तोंड उघडलेलं नाही. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पण ती एकदम सांगितली तर तुम्हाला कळायची नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करते.

माझा जन्म परदेशातला. तिथल्या कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं. इंजिन पाठीमागे, बसायला दोनच जागा, आणि पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर. वाऱ्याला खालून शिरायला जागा मिळू नये म्हणून मला इतकं खाली बसवलेलं आहे. माझे ब्रेक शर्यतीचे. त्यांची एक खोड आहे, ते तापले की घट्ट धरतात, गार असले की थोडे आळसावतात. गोल धावपट्टीवर एका माणसाने मला मनसोक्त पळवलं. तो माझा पहिला आणि शेवटचा सुखाचा दिवस, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही.

मला घेतलं यज्ञेशने. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत त्याचा ऑपरेशनची हत्यारं बनवायचा छोटा कारखाना आहे. लहानपणापासून माझा फोटो त्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता म्हणे. माझ्यासारख्या गाड्या लोक रविवारी सकाळी फिरवून आणतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. यज्ञेशचं म्हणणं वेगळं होतं.

“शोकेसमध्ये ठेवायला नाही घेतली. रोज चालवणार,” तो बायकोला म्हणाला.

“रोज? आणि अण्णांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं ते कशातून?” मृणालिनीने विचारलं. ती बँकेत असते, नेमका प्रश्न विचारायची तिला सवय आहे.

“बसतील की हिच्यात. एवढं काय गं!”

सोसायटीत दर घराला गाडीची एकच जागा. त्यामुळे घरातली जुनी उंच गाडी, जिला सगळे प्रेमाने डबा म्हणायचे, ती गेली आणि तिच्या जागी मी आले. त्या डब्याचा मी तेव्हा फार तिरस्कार केला होता. आज तिची आठवण आली की मला बरं वाटत नाही.

माझा गृहप्रवेशच असा झाला की सांगायची लाज वाटते. चाकांखाली लिंबं ठेवायची तयारी झालेली, आरतीचं ताट घेऊन मृणालिनी उभी, गॅलऱ्यांतून माणसं वाकलेली, आणि सोसायटीच्या गल्लीतल्या वळणावर मी स्पीडब्रेकरवर पोट टेकून अडकले. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. माझं नाक वर उचलायचं एक बटण आहे, यज्ञेशने तेही दाबून पाहिलं. पण पोटाचं काय करणार? शेवटी वॉचमन खंडूने बांधकामाच्या दोन लांब फळ्या आणल्या, त्यांच्यावरून मला हळूहळू पार केलं. नव्या नवरीने माप ओलांडताना अडखळावं तशी माझी गत झाली.

तेव्हा एक पंच्याहत्तरीचे गृहस्थ काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होते. यज्ञेशचे वडील, अण्णा. मूळचे सावंतवाडीकडचे. तरुणपणी गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मरोळलाच लेथ चालवत आयुष्य काढलं.

“गाडी आसा काय बेडकी?” अण्णा म्हणाले. “आणि माझ्या उंबऱ्यार अडकली ती!”

सगळे हसले. तेव्हापासून मी बेडकी झाले. आणि त्या स्पीडब्रेकरला अण्णा उंबरा का म्हणतात, ते मला पुढे खंडूच्या बोलण्यातून कळलं. बारा वर्षांपूर्वी त्याच वळणावर एका टेम्पोने अण्णांच्या बायकोला, सुगंधाबाईंना उडवलं होतं. हातात भाजीची पिशवी होती. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं ते मोडलंच, पुढे चार वर्षं, जाईपर्यंत, त्या घरातल्या घरात सरकत राहिल्या. गल्ली सोसायटीच्या मालकीची. अण्णांनी तिन्ही इमारतींत फिरून सह्या गोळा केल्या आणि एका रविवारी गवंड्याच्या बरोबरीने स्वतः थापी धरून तो उंचवटा बांधला. म्हणून तो सुगंधाचा उंबरा.

मला या कशाचं काय? खरं सांगते, तेव्हा काहीच नव्हतं. मला फक्त माझं पोट दिसत होतं.

आमचा रोजचा दिवस असा असायचा. यज्ञेश मृणालिनीला हायवेवरच्या बसथांब्याला सोडायचा. पण माणूस बसलेला असला की मी आणखी दबते, म्हणून उंबऱ्यापाशी ती उतरायची, चालत पलीकडे जायची आणि पुन्हा माझ्यात बसायची. साडी सावरत, पर्स सांभाळत, दिवसातून दोनदा. खंडू धावत येऊन फळ्या लावायचा. वळणावर शकु मासे घेऊन बसते, भांडुपच्या कोळीवाड्यातली. ती रोज ओरडायची, “अरे, बायकोला उतरवून गाडीला फिरवतोस काय रे?”

मग हायवे, मग पवईचा रस्ता. मेट्रोचे खांब, पत्रे, खड्डे. तीनशेच्या वेगासाठी जन्मलेली मी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत असायचे. पंखा भणभणायचा. यज्ञेशच्या पाठीला घाम, माझ्या पाठीत आग. शेजारचा रिक्षावाला वाकून बघायचा आणि विचारायचा, “साहेब, अ‍ॅव्हरेज काय?” यज्ञेशने एकदा खरं उत्तर दिलं, तर त्या माणसाच्या चेहऱ्यावर आमच्याबद्दल दया आली. माझ्यासोबत फोटो काढणारे पुष्कळ, मला वाट देणारं कुणीच नाही.

अण्णा माझ्यात दोनदाच बसले. गुडघे छातीपाशी, काठी खिडकीबाहेर. उतरवायला दोन माणसं लागली. “माणूस बसता काय पडता हिच्यात?” म्हणाले आणि नंतर रिक्षानेच जाऊ लागले. यज्ञेशला वाईट वाटलं, पण त्याने मला कमी चालवलं नाही. माणसांचं हे मला कळत नाही. हौस अंगावर येते आहे हे दिसतं, तरी मान्य करायचं म्हणजे त्यांच्या जिवावर येतं.

मग यज्ञेश सोसायटीचा सेक्रेटरी झाला. अण्णा शिमग्याला गावी गेले होते. नोटीस बोर्डावर कागद लागला: गल्लीतील गतिरोधकामुळे रुग्णवाहिकेस अडथळा होत असल्याने तो काढण्यात येत आहे. कुणी हरकत घेतली नाही. मृणालिनी तेवढी म्हणाली, “अण्णांना निदान विचार तरी रे.”

“आल्यावर सांगतो ना मी.”

दोन माणसं आली, ड्रिल लावलं, दुपारपर्यंत उंबरा गेला. त्याच्या जागी पांढऱ्या रंगाचे चार पट्टे मारले. संध्याकाळी मी त्यांच्यावरून लोण्यासारखी घसरत आत आले. फळ्या वॉचमनच्या केबिनमागे टेकवून ठेवल्या. त्या दिवशी मी फार खुशीत होते, हेही कबूल करते.

अण्णा परतले. रिक्षातून उतरून त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं. काठीचं टोक त्यांच्यावरून फिरवलं. यज्ञेशने रुग्णवाहिकेचं कारण सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “बरां.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अण्णा त्या वळणावर जाऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीत बालवाडी आहे, त्या वेळी पोरं गल्ली ओलांडतात, आणि उंबरा गेल्यापासून डिलिव्हरीच्या बाइक तिथून सुसाट जायला लागल्या होत्या. अण्णा डावा हात काठीवर ठेवायचे, उजवा वर करायचे. बाइकवाले शिव्या घालत थांबायचे. अण्णा जागचे हलायचे नाहीत.

यज्ञेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “अण्णा, लोक काय म्हणतील? चला ना वर, प्लीज.”

“उंबरो गेलो,” अण्णा म्हणाले, “म्हणान मी उभो आसंय.”

“मोडाल हो कुठेतरी!”

“मगे बांधून दी परत.”

यज्ञेशने काच वर केली. रोज सकाळी आम्ही त्या वर केलेल्या हातासमोर थांबायचो. अण्णा माझ्याकडे बघायचे, पोरं पार झाली की हात खाली घ्यायचे आणि आम्ही निघायचो. बापलेक एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. मला त्या हाताची भीती वाटायला लागली. एक ना एक दिवस कुणीतरी थांबणार नाही, हे मला दिसत होतं. ते कुणीतरी बाइकवालं असेल, असं मी धरून चालले होते.

जूनमधला एक मंगळवार. कारखान्यात दिल्लीहून कुणी मोठे डॉक्टर यायचे होते. यज्ञेश एकटाच साडेसातला निघाला, कोपऱ्यावरच्या पंपावर हवा भरली, कॉफी घेतली, आणि लक्षात आलं की नमुन्यांची पेटी घरीच राहिली. आम्ही परत फिरलो. उंबरा असता तर वळणावर आम्हाला पाय ओढत यावं लागलं असतं. नव्हता. मी वळले आणि समोर अण्णा, हात वर केलेला, त्यांच्या मागून बालवाडीची पोरं.

यज्ञेशने ब्रेक दाबला, सगळा जीव पायात आणून दाबला. मीही थांबायचा प्रयत्न केला. पण आम्ही इनमीन दीड किलोमीटर चाललो होतो. माझे ब्रेक गार होते.

आवाज झाला नाही. अण्णा कडेला कलले आणि पट्ट्यांवर पडले.

शकु टोपली टाकून आली. यज्ञेश “अण्णा, अण्णा” करत त्यांना उचलायला लागला. त्याने माझं दार उघडलं. तीनशेने धावणारी गाडी दारात उभी, आणि त्याला दुसरं काही सुचेना.

“त्या खड्ड्यात कुठं बसवतोस त्यांना?” शकु कडाडली. “खुबा मोडलाय, दिसत नाही? अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव नाहीतर सरक!”

रुग्णवाहिका हायवेवर अडकली होती. शकुचा नवरा तिला सोडून टेम्पो वळवत होता, त्याला तिने हाक मारली. खंडूने केबिनमागच्या फळ्या आणल्या. दोन्ही शेजारी ठेवून, वर सतरंजी टाकून अण्णांना आडवं केलं. मला उंबऱ्यावरून चढवायच्या त्याच फळ्या. मासळीच्या टेम्पोतून अण्णांना इस्पितळात नेलं, त्यांच्या उशाशी यज्ञेश बसला होता. मी दार उघडं टाकून गल्लीत तशीच उभी राहिले.

आता कबुली देते. त्या दिवसापासून सगळे म्हणतात, काय ब्रेक आहेत, दुसरी गाडी असती तर म्हातारा गेला असता. खंडू येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचा, गाडी इथे थांबली आणि अण्णा तिथे होते. अण्णांनी स्वतः डॉक्टरला सांगितलं, “पाय घसरलो.” मृणालिनीलाही तेच सांगितलं. यज्ञेश ऐकून घेत राहिला आणि मान हलवत राहिला.

मी थांबले नव्हते. चार बोटं कमी पडली. माझं नाक अण्णांच्या गुडघ्याला लागलं, वासराने ढुशी द्यावी इतकंच, पण लागलं. हे तिघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकीला बोलता येत नाही.

अण्णांना घरी आणलं. पहिल्या मजल्याच्या खिडकीशी त्यांची खाट आहे, जिथे पूर्वी सुगंधाबाईंची होती. यज्ञेशने मला झाकलं. तो बसने जातो. रोज सकाळी माझ्यापाशी येतो, कापडावरून नाकाला हात लावतो आणि जातो. त्या हाताचं ओझं मला पेलवत नाही.

गेल्या रविवारी तो खाली आला तो जुनी अर्धी चड्डी घालून, हातात थापी. वाळू, सिमेंट, विटा आदल्या दिवशीच येऊन पडल्या होत्या. तो पट्ट्यांवर गुडघे टेकून बसला. खंडू पाणी घेऊन आला आणि म्हणाला, “साहेब, गाडी आत अडकून पडेल. फळ्याही टेम्पोबरोबर गेल्या. आणि ब्रेकनीच तर वाचवलं ना अण्णांना?”

यज्ञेशचा हात थांबला. गॅलरीत मृणालिनी कपडे वाळत घालत होती. शकु कोलंबी सोलत होती.

“नाही वाचवलं, खंडू,” तो मोठ्याने म्हणाला. “अण्णा घसरले नव्हते. गाडी लागली त्यांना. मी चालवत होतो.”

मृणालिनीच्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. शकुने हातातली कोलंबी खाली ठेवली. यज्ञेश मान खाली घालून सिमेंट पसरत राहिला.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला. तीन महिन्यांत अण्णा पहिल्यांदाच इतक्या जोरात बोलले.

“यज्ञेश, चार बोटां आणिक चढव रे.”

त्याने वर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि आणखी एक वीट मागितली.

आता उंबरा पूर्वीपेक्षा उंच आहे आणि मी त्याच्या आत आहे. कधी कुणी मला न्यायला आलंच, तर क्रेनने उचलून न्या, मी हू की चू करणार नाही. पण माझ्या पोटाची काळजी करून त्या उंबऱ्याला हात लावू नका. माझं थांबणं चार बोटं कमी पडतं. त्याचं पडत नाही.