मागाच्या खडखडाटातलं फ्रेंच

इंग्रजांच्या पलटणी बेळगावच्या कॅम्पात होत्या, तेव्हाची गोष्ट. खासबागेत, विणकरांच्या वस्तीत, अंजनी फ्रेंचचं पुस्तक घेऊन बसली की तिचे वडील, तम्मण्णा, माग बंद करायचे. "पोरीचं ध्यान मोडाय नगो," म्हणत आडवा धागा नेणारा धोटा हातात धरून मुकाट बसायचे. साडी रखडायची. विणकर असून मागालाच गप्प बसवतो, म्हणून गल्लीनं टिंगल करायची संधी सोडली नाही.

कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात अंजनीला शिक्षिकेची जागा मिळणार होती, पण फ्रेंचची तोंडी परीक्षा पास झाली तरच. पुस्तक तिला तोंडपाठ होतं. तिला शिकवणाऱ्या सिस्टर क्लेअर भरभर बोलू लागल्या की मात्र घोडं अडायचं. पुस्तकातला 'रॉब कूर्त', म्हणजे आखूड झगा, त्यांच्या तोंडी 'रॉप कूर्त' व्हायचा. हा 'प' कुठून उपटला, याचा ती विचार करी, तोवर सिस्टर कुठच्या कुठे पोचलेल्या असत.

"तू 'एकदा' म्हणतेस, तेव्हा मला 'एगदा' ऐकू येतं," एके दिवशी सिस्टर हसून म्हणाल्या. मराठी त्या बेळगावातच शिकल्या होत्या. "तुला तो 'ग' कधी ऐकू आला?"

अंजनीनं पुटपुटून पाहिलं. खरंच होतं की! जन्मात कधी जाणवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर थेट खासबागेत हजर. माग का बंद, ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "चालू करा आधी! या शांततेत ही तांदळातले खडे निवडावेत तशी अक्षरं निवडत बसते."

माग खडखडू लागला आणि त्या खडखडाटातच सिस्टर फ्रेंच बोलू लागल्या. प की ब, कळायची सोयच नव्हती. पण पोर मागापाशी वाढलेली. आईबापांचं अर्धं बोलणं खडखडाटात बुडालं तरी तिला सगळं समजायचं. हळूहळू फ्रेंचही तसंच समजू लागलं.

परीक्षक बाई मुंबईच्या, बोलणं तुफान. अंजनी एकदाही अडली नाही. जागा मिळाली. सिस्टरांच्या ती पायाच पडली.

घरी धावत आली, तर तिला पाहून सवयीनं तम्मण्णांचा माग थांबला.

"थांबू नगासा, आप्पा! झाले मी पास!"

माग पुन्हा सुरू झाला. आप्पांनी आपल्यासाठी किती सोसलं, ते तिला आठवलं. पण त्या घरात आभार कुणी बोलून दाखवत नसे. मग खडखडाटाच्या आडोशानं ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, "मेर्सी, आप्पा."

एक अक्षर ऐकू जाणं शक्य नव्हतं.

"असू दे गं," धोट्यावरची नजर न काढता तम्मण्णा म्हणाले.