पैनगंगेपलीकडचं पाणी

लेकीला मूल होईतो तिच्या सासरी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा रिवाज नागपूरच्या इतवारीतल्या प्रत्येक बापाला ठाऊक होता. सुपारीवाले शालिकरामजी मात्र तो जरा ऐसपैस पाळत. त्यांची बनू दिली होती आदिलाबादेला, निजामाच्या मुलखात. सासर म्हणजे काही नुसतं घर नव्हे, नुसतं गावही नव्हे. पैनगंगा ओलांडली की लागते ती सारी मोगलाईच लेकीचं सासर, असं त्यांनी ठरवून टाकलं.

"मंग निजाम तुमचा व्याही झाला म्हणा की," त्यांच्या पत्नी रुखमाबाई म्हणाल्या.

बनूचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून नवरा-बायको तिला आणायला सर्विस मोटारीनं निघाले होते. चैत्राचं ऊन असं, की सावल्यासुद्धा झाडांच्या बुंध्याशी अंग चोरून बसल्या होत्या. शालिकरामजींच्या मांडीवर नागपूरच्या विहिरीचं पाणी भरलेली सुरई होती. ओल्या फडक्यात गुंडाळून ते तिला नातवंडासारखं सांभाळत होते.

कोरडी पैनगंगा सगळ्यांनी खाली उतरून, मोटार ढकलत ओलांडली. पलीकडे जकातीच्या नाक्यावर शिपायानं गाठोडी सोडली, सुरईला नाक लावलं.

"क्या है इसमें?"

"पाणी."

"पानी? हमारे मुल्क में पानी नहीं मिलता क्या?"

"मिलते ना साहेब," रुखमाबाई म्हणाल्या, "पण तुमचा मुलूख आमच्या पोरीचं सासर आहे."

शिपाई विचारात पडला. सासरावर जकात किती, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. त्यानं मोटार सोडून दिली.

थोडं पुढं जातात तोच मोटार शिट्ट्या घालू लागली. ड्रायव्हर कवडूनं पुढचं झाकण उघडलं, तशी वाफ फुस्सकन त्याच्या तोंडावर आली.

"इंजिन तहानलं गा! पाणी पाहिजे."

आसपास ना विहीर, ना नाला. साऱ्या मोटारीची नजर सुरईवर गेली. शालिकरामजींनी ती पोटाशी ओढली.

"हे माह्यं आहे. पुरवून पुरवून प्याचं आहे मले."

"बापूजी," कवडू म्हणाला, "तुम्ही तहानले तर तुम्ही एकटेच तहानान. मोटार तहानली तर आपण सारेच इथं वाळत बसू."

सुरई गेली. नागपूरचं पाणी पिऊन मोटार मोगलाईत डौलानं चालू लागली.

पुढच्या गावी विहीर लागली. रहाट करकरला, पोहरा वर आला, माणसं ओंजळी भरभरून प्याली. शालिकरामजी विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. पण कानांना पाठ नसते.

"प्या ना अजी. इथं काय बनू राहते?"

"पैनगंगेची रेघ म्हणजे रेघ वं."

"ओठ पाहा आपले. पोरगी पाहून रडन."

"तोंडावर दुपट्टा घेईन."

रुखमाबाईंनी कपाळाला हात लावला आणि हलक्या आवाजात जात्यावरची चाल धरली:

*लेकीचिया देशा बाप माझा गं चालला,*
*भरल्या विहिरीपाशी उभा राहून सुकला.*

ही ओवी की टोमणा, ते शालिकरामजींना कळेना. विचारावं, तर जीभ टाळूला चिकटलेली.

आदिलाबादेला पोचले तेव्हा त्यांचा रामराम अर्धाच बाहेर पडला. व्याही बाबारावांनी रीतीप्रमाणे तांब्या पुढं केला, शालिकरामजींनी रीतीप्रमाणे हात जोडले. तेवढ्यात कमरेवर हात ठेवून, जड पावलांनी बनू ओसरीवर आली. तिनं बापाचे भेगाळलेले ओठ पाहिले. रडली नाही.

"बाबा, मले डोहाळा लागला."

"सांग ना माय." आवाज कसाबसा फुटला. "संत्रं? कवठ? मागशीन ते देतो."

"मागीन ते?"

"मंग! गर्भारणीचा डोहाळा मोडून पाप कोण घेईन?"

"मले माह्या बापाले पाणी पेताना पाहाचं आहे."

शालिकरामजींनी बायकोकडे पाहिलं. ती छताचे वासे निरखत होती. बाबारावांना एकाएकी खोकला आला.

"नागपूरले गेल्यावर दाखवतो ना तुले..."

"डोहाळा थांबत नसते, बाबा. पोटातलं आताच लाथा मारून राहिलं."

शालिकरामजींनी डोळे मिटले, तांब्या उंच धरला. गळ्याची घाटी खालीवर होऊ लागली, आणि बनू जत्रेतला पाळणा पाहावा तशी त्या घाटीकडे बघत राहिली. तांब्या रिकामा झाला. दुपट्ट्यानं मिशा पुसत त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं,

"भागला का माय डोहाळा, की आणखी एक तांब्या लागन?"