नारिंगी चोच

दोऱ्याचं टोक पिंजारलेलं. नारिंगी, चकचकीत, आणि अगदी शेवटाला उगीचच लालसर – महेश्वरीनं ते चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात नेलं, बोटांत फिरवलं, ओठांनी ओलं केलं, आणि एवढ्याशा त्या शेपटानं सकाळपासून आपल्याला नाचवलं याचा राग तिच्या कानशिलांपर्यंत चढला. पक्ष्याचं काळं अंग झालं होतं, पांढरी छाती झाली होती, मागचं ते भोकाभोकांचं मोठं पान निम्मं झालं होतं. पण चोचीचे दाट टाके आले की – कट्. मशीन थांबायचं, टीं टीं करायचं, पडद्यावर तुटलेल्या दोऱ्याचं चित्र यायचं, जसं काही तिला डोळेच नव्हते. सुई बदलून झाली, दोरा नव्यानं ओवून झाला, ताण सैल करून झाला, फोनवर कुठल्याशा मुलीचे व्हिडिओ पाहून झाले. ती मुलगी गोड हसत सांगायची, की घरच्या घरी मशीनवर भरतकाम म्हणजे अगदी सोपं... सोपं! ये म्हणावं एकदा सोलापूरला, ह्या उन्हात, पंखा बंद करून बस, कारण पंख्याच्या वाऱ्यानं दोरा भलतीकडेच जातो. मग हस.

संध्याकाळी मल्लिनाथ टेम्पो घेऊन येणार होता. मल्लिनाथ म्हणजे तिचा धाकटा दीर, टॉवेल-चादरींचं दुकान चालवणारा, आणि स्वभावानं वाईट नव्हे – हीच तर पंचाईत होती. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. तिचा नवरा मंजुनाथ गेला तेव्हा दवाखान्यापासून दाखल्यांपर्यंत सगळी धावपळ ह्यानंच केली होती, आणि आताही तो मायेनंच म्हणत होता, की मशीन दुकानात नेऊ, लग्नसराई आहे, आहेराच्या टॉवेलांवर नवरा-नवरीची नावं भरून द्यायला एक माणूस बसवू, वहिनींच्या डोक्याला ताप नको. आणि महेश्वरीनं, कुणी विचारलं नसताना, कुणी अट घातली नसताना, आपण होऊन सांगून टाकलं होतं, "एक टॉवेल होऊ द्या, भावजी. सोमवारपर्यंत नीट झाला तर मशीन घरात राहील. नाही झाला तर घेऊन जा." आज सोमवार होता.

नावंच भरायची असती तर ती कधीच भरून झाली असती. मशीनच्या पोटात अक्षरं होती, मोर होता, कोयरी होती, कलश होता... तिनं एकेक पाहिलं होतं आणि प्रत्येकापाशी तिचं बोट अडखळलं होतं. कोयरी कुणाच्या पदराला, मोर कुणाच्या, कलश कुठल्या प्रसंगाला, तो हातात धरायचा कुणी आणि लांबून बघायचा कुणी – सगळं आधीच ठरलेलं, आणि ठरवताना तिला कुणी विचारलेलं नव्हतं. मग एका दुपारी फोनवर हे रान सापडलं. दमट, गच्च, सोलापुरानं बापजन्मात न पाहिलेलं: केळीहून रुंद पानं, अननस, जास्वंदीसारखी लालभडक फुलं, आणि हा टूकन, ज्याची चोच त्याच्या अंगाच्या निम्मी. ह्या पक्ष्याला इथं कुणी ओळखत नाही. त्याच्यापुढं कुणी ओवाळलेलं नाही, त्याच्यापासून कुणाला दूर उभं केलेलं नाही. तो कुणाला शोभतो आणि कुणाला नाही, हे अजून ठरायचंय – मग ते मीच का ठरवू नये? ह्या विचारानं त्या दिवशी तिला अशी काही उकळी फुटली, की ती बसल्या जागची उठून उभी राहिली होती. पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेल्या त्या सगळ्या पानाफुलांना ती मनात 'माझं रान' म्हणायची. मोठ्यानं मात्र अजून कधी म्हटलं नव्हतं.

"नाक हाय का चोच हाय ती?" सासूबाई, पार्वतम्मा, दारात उभ्या राहून बघत होत्या.

"चोच हाय, अत्ती."

"केवढी की! एवढ्या चोचीनं खातंय तरी काय?"

"फळं खातंय."

"आन् तोल कसा सांभाळतंय?" त्या जवळ आल्या. फ्रेममध्ये ताणून बसवलेल्या टॉवेलवरून त्यांनी हात फिरवला, चोचीच्या अर्ध्या भागापाशी बोट थांबवलं. तिथं तुटक्या दोऱ्यांची लव उभी होती. "ब्याड, पोरी. नको. देऊन टाक मल्लूला. जिवाला घोर कशाला लावून घ्यायचा? सुखानं बस की आता."

सुखानं बस. मंजुनाथ गेल्यापासून जो तो तिला बसायलाच सांगत होता. जणू ती पन्नाशीची बाई नव्हे, कुठल्याशा समारंभाला आलेली पाहुणी होती, आणि समारंभ संपत आला होता. आणि ती बसलीच तर होती, सकाळपासून पाठ मोडेस्तोवर बसली होती, पण मशीनपुढचं हे बसणं कुणी बसण्यात धरत नव्हतं.

तिनं दोऱ्याचं टोक परत उजेडात धरलं. हा लालसरपणा येतोय कुठून? रीळ नारिंगी, खालचा बॉबिनचा दोरा पांढरा, लाल रीळ तर अजून डब्यातून काढलेलंही नाही... आणि तिला तो दिवस आठवला, आठवायचा नव्हता तरी. खोकं तिनंच फोडलं होतं. थर्माकोल तिनंच काढला, पुस्तिकेतली चित्रं बघत एकेक भाग तिनंच बसवला. मशीनचा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा खोलीत ती एकटी होती आणि तिनं चक्क टाळी वाजवली होती. मग पूजा. अत्तींनी विभूतीचे तीन पट्टे ओढले, निरांजन लावलं, कुंकवाचा करंडा उघडायची वेळ आली, आणि त्या सहज, इतक्या वर्षांच्या सवयीनं, एक पाऊल मागं सरकल्या. "थांब. गिरिजाला येऊ दे." गिरिजा म्हणजे मल्लिनाथची बायको, ह्या खानदानात आता कुंकू लावायचा मान तिचा. ती आली, बिचारी अवघडली होती, आणि अवघडलेपणापायीच असेल, तिनं हळदीकुंकू असं सढळ हातानं लावलं, की मशीनचा पांढरा रंग झाकून गेला – अंगावर, चाकावर, सुईवर, सुईखालच्या पत्र्यावर. वरून नारळाचं पाणी शिंपडलं. आणि ज्यांचं ते घर त्या दोघी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या.

मागं कुणी ढकललं नव्हतं. अत्ती सरकल्या म्हणून मी सरकले. खोकं फोडताना, वायरी जोडताना ज्या हातांना कुणी अडवलं नाही, ते हात मीच पदराखाली घेतले... का घेतले? ह्या 'का'नं जो संताप आला तो मल्लिनाथवर नव्हता, अत्तींवर नव्हता, कुणावर काढावा हेच तिला कळेना.

"नळ आला गं!"

आज पाण्याचा दिवस. पाणी म्हटलं की सोलापुरात दुःख, राग, तत्त्वज्ञान सगळं बाजूला ठेवून उठावं लागतं. तिनं पदर खोचला, पिंपात नळी सोडली, घागरी ओळीनं मांडल्या. नळीचं तोंड धरून उभं राहताना मन पुन्हा मोकाट सुटलं. हा टॉवेलसुद्धा मंजुनाथनं आणलेला. चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात तो होता, एखादा कडेला चुकलेला टॉवेल घरी घेऊन यायचा. चांगला माणूस. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. शिवणकामाचा वर्ग लावू का, म्हटलं तर म्हणायचा, "लाव की. पण नंतर." मोठं मशीन घेऊ का... नंतर. ह्या नंतरनंतरमध्ये केस पांढरे झाले, आणि खरोखरचं 'नंतर' आलं तेव्हा तोच नव्हता. त्याची आठवण येते, रोज येते. पण आठवणीत गहिवर असतो तितकाच एक खडाही असतो, आणि तो खडा आहे म्हणायला तिला आज पहिल्यांदाच लाज वाटली नाही.

तिनं पदरानं तोंड पुसलं. पदराला लाल डाग लागला.

ती बघतच राहिली. सकाळपासून कितीदा दोरा ओठांत धरला होता... तिनं ओठावरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं. तो वास ओळखायला तिला मुळीच वेळ लागला नाही. नळी पिंपातच टाकून ती आत पळाली.

पत्र्याचे दोन स्क्रू. पुस्तिकेत होतं, साफ करताना काढा म्हणून, पण नव्या मशीनला कशाची सफाई, असं म्हणत तिनं ते पान उलटून टाकलं होतं. पत्रा उचलला, आणि आत, जिथं आकडा गरागरा फिरून खालून वरचा दोरा पकडतो तिथं, कुंकवाचा चिखल बसला होता. नारळाच्या पाण्यानं चिकटलेला, तेलात मुरलेला, टॉवेलच्या भुश्यानं जाड झालेला, लालभडक, आकड्याभोवती घट्ट. दोरा रोज त्यातून खरडत जात होता.

महेश्वरी हसली. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून. गिरिजाच्या सढळ हातानं मशीनचा गळाच धरला होता! जुना दात घासायचा ब्रश घेतला, केसातली पिन काढली, आणि ती खरवडायला लागली. बोटं लाल झाली, नखं लाल झाली. बाहेर पिंप भरून पाणी वाहायला लागलं तसा अत्तींचा आवाज चढला, नळी काढल्याचा खडखडाट झाला, मग त्या आत आल्या आणि थबकल्या. त्यांनी पत्रा पाहिला, ब्रश पाहिला, सुनेचे हात पाहिले. त्यांना कळायचं ते कळलं असावं.

"हात धुऊन घे आधी," त्या हळूच म्हणाल्या.

"राहू दे."

"अगं, कुणी बघंल..."

"बघू दे, अत्ती. माझ्याच मशीनमधलं हाय."

पत्रा बसला. नारिंगी दोरा त्या लाल चिमटीनंच ओवला गेला, टॉवेलच्या कडेला दोन बोटं उमटली, ती तिनं पुसली नाहीत. हिरवं बटण दाबलं. आणि मशीन असं चालायला लागलं, की तिला आपलाच श्वास आड येईल असं वाटलं; टाक्याला टाका लागून चोच भरत चालली, टोकाकडून डोळ्याकडे, चमकदार, निर्लज्ज, दिमाखदार चोच. आता येऊ दे मल्लिनाथला. आता दाखवते. सांगते त्याला, दोष माझा नव्हताच, तुमच्या पूजेचा होता, तुमच्या त्या करंड्याचा – मी शिकले होते, सगळं बरोबर करत होते... ती मनात बोलत सुटली होती, पुरावे मांडत होती, आणि मांडता मांडता कुठंतरी तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. आरोपीच्या पिंजऱ्यातला आवाज. माझ्या घरात, माझ्या मशीनपुढं बसून मी कुणाला विचारतेय, सुटले का म्हणून?

"अरे वा! चालतंय की!" मल्लिनाथ चपला काढून आत आला. बाहेर टेम्पोचं इंजिन घुरघुरत होतं. त्यानं वाकून पाहिलं, मनापासून पाहिलं. "कसलं पाखरू म्हणायचं हे, वहिनी?"

"टूकन."

"लई भारी. पण आहेराला कोण घेणार हो –"

कट्.

टीं टीं टीं. पडद्यावर तेच चित्र. चोच डोळ्यापासून दोन बोटांवर राहिली होती. खोलीत तिघंही त्या दोन बोटांच्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. कुठं राहिला असेल थोडा चिखल, किंवा सुई बोथटली असेल, किंवा काहीच नसेल, दोरे तुटतात.

"बघा," मल्लिनाथ म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत होतं, ते आवाजातच कळत होतं. "म्हणून म्हणतो की, तुमाला लई त्रास हाय ह्यात. नेतो मी. माणूस बघंल त्याचं त्यो."

तिच्या जिभेच्या टोकावर कुंकू आलं. एक वाक्य पुरलं असतं. दारात अत्ती उभ्या होत्या, करंड्यापासून मागं सरताना उभ्या राहायच्या तशाच, आणि त्यांच्या डोळ्यांत भीती होती, की आता ही बोलणार. महेश्वरीनं ते वाक्य गिळलं. दया म्हणून नव्हे. ते वाक्य म्हणजे पुन्हा परवानगीचा अर्ज झाला असता, एवढंच.

तिनं कात्री घेतली, पिंजारलेलं टोक कापलं.

"तुटू द्या," ती म्हणाली.

"वहिनी, आपलं ठरलं होतं की. नीट झाला तर –"

"मीच ठरवलं होतं, भावजी. आता मीच मोडते."

"म्हणजे?"

"म्हणजे हा झाला नाही तर दुसरा करीन. तोबी बिघडला तर तिसरा. मशीन हितंच राहणार."

मल्लिनाथनं आईकडे पाहिलं. अत्तींनी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्या टॉवेलवरच्या दोन लाल बोटांकडे बघत होत्या. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला, एकदा, मग लांबलचक. मल्लिनाथ काहीतरी बोलायला लागला होता, समजुतीचंच असणार, दुकानाचं, लोकांचं, दादाचं नाव निघालं... महेश्वरीनं दोरा ओठांत धरला. कुंकवाची चव अजून होती. सुईच्या नाकातून तो एका फटक्यात पार गेला, तिनं बटण दाबलं, आणि मशीन धडधडायला लागलं. दिवसभर प्रत्येक टाक्याला तिचे कान 'कट्'साठी टवकारलेले असायचे. आता ते टवकारलेले नाहीत, हे चोच डोळ्याला जाऊन भिडता भिडता तिच्या लक्षात आलं.