मनगटातली घुरघुर

मित्रांनो, मी एक जुनी शीर आहे. वेसाव्याच्या अंजनाबाईंच्या डाव्या मनगटात मी छप्पन्न वर्षं मुकाट्याने रक्त वर नेलं. बाजारात सुरमई कापताना, पाटी उचलताना त्यांना माझी आठवणही झाली नाही. शिरेला कोण विचारतो?

मग अंजनाबाईंच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिसच्या जाड सुया झेपायला दणकट शीर हवी, म्हणून डॉक्टरांनी मला शेजारच्या धमनीला शिवलं. याला फिस्टुला म्हणतात. धमनीतलं रक्त असं धडाडून आत शिरलं की आता मी फाटणार, असंच वाटलं. तेव्हा धावून आल्या पांढऱ्या पेशी. रोगजंतूंशी लढणं हे त्यांचं काम, पण जखम दिसली की त्या गवंडीकामही करतात. त्यांनी माझी जुनी भिंत पोखरून मला रुंद होऊ दिलं आणि नवी, जाड भिंत उभी करायला लावली. दोन महिन्यांत मी करंगळीएवढी झाले. मनगटाला बोट लावलं की घुरघुर लागायची.

"झकास चालतंय, मावशी!" डायलिसिस करणारा किरण म्हणायचा, आणि मी हरखून जायचे.

पण या गवंड्यांना थांबायचं कधी, ते कळत नाही. आठवड्यातून तीनदा सुया, वर रक्ताचा मारा. त्यांना वाटे, जखम अजून आहेच. चार वर्षं ते आतून थर चढवत राहिले आणि शिवणीजवळ माझी वाट अरुंद होत गेली. ज्यांनी मला वाचवलं तेच माझा गळा आवळत होते. मला ओरडता येत नव्हतं. नुसती घुरघुर बारीक होत गेली.

किरणच्या ते लक्षात आलं. "मावशी, आवाज बदललाय. उद्याच सोनोग्राफी करा. आत फुगा घालून वाट मोकळी करता येते. उशीर केलात तर वाट लागेल."

"नमिताचं लगीन होऊं दे रे. मंग करू."

लेकीच्या हळदीला बांगड्या भरायला कासारीण आली. अंजनाबाईंच्या डाव्या हातात बांगडी घालायची नाही, शीर दबते, ही ताकीद घरात सगळ्यांना पाठ होती.

"आये, एकाच हातात भर," नमिता म्हणाली.

"नवरा जिता असताना एक हात रिकामा? लोकं काय बोलतील गो?"

अंजनाबाईंनी डाव्या मनगटातही हिरव्या बांगड्या भरून घेतल्या. त्या घट्ट बसल्या. दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या मांडवात, माझ्यातलं रक्त गोठलं आणि मी बंद पडले. डॉक्टरांनी गुठळी काढून पाहिली, पण जमलं नाही. उजव्या हातात नवा फिस्टुला करावा, तर तिथली शीर आधीच बुजलेली होती. आता डायलिसिससाठी अंजनाबाईंच्या मानेत नळी आहे आणि तिच्यापायी दोनदा थंडी वाजून ताप भरला. ती किती दिवस चालेल, हे डॉक्टर सांगत नाहीत.

"मीच माझा हात घालवला," त्या नवऱ्याला सांगतात. जेवण तसंच राहतं. नमिता माहेरी आली की आपला हिरवा चुडा पदराखाली लपवून त्यांच्याजवळ बसते.

बांगड्यांनी शेवटचा चिमटा काढला, एवढंच. वाट कधीचीच बुजत आली होती. पण मेलेल्या शिरेचं कोण ऐकणार? मित्रांनो, तुमच्या घरी कुणाच्या हातात माझ्यासारखी शीर असेल, तर तिची घुरघुर रोज बोटाने तपासा. ती बारीक झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, घरात लग्न असलं तरी. आणि वेसाव्याला गेलात तर नमिताच्या आईला एवढं सांगा, की दोष त्यांच्या बांगड्यांचा नव्हता. लवकर जा.