भिंतीकडे तोंड केलेला कॅमेरा

सोबिरचा चेहरा फोनवर परत अडकला. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, आवाज तर केव्हाच गेलेला. हमरोबीबीने फोन हलवून बघितला, त्यावर फुंकरही मारली. पोरगं रशियात बांधकामावर जाऊन काही वर्षं झाली होती, आणि तिथून असं तुकड्यातुकड्यांनी घरी येत होतं.

दोष त्याचाच होता म्हणा. आई एकटी राहते म्हणून त्याने मावसभावाला, शोदमोनला सांगून घरात चार कॅमेरे बसवून घेतले होते. एक फाटकावर, एक जर्दाळू वाळवायच्या अंगणात, एक गोठ्यात आणि एक बैठकीच्या खोलीत. चौघेही दिवसरात्र चित्रं पाठवत बसायचे, आणि अख्ख्या गल्लीला इंटरनेट यायचं एकाच अँटेनावरून. शेजारचे मास्तर भिंतीवरून ओरडायचे, "हमरोबीबी, तुमची गाय रशियात दिसते, पण माझ्या नातीचा धडा काही उघडत नाही!"

शेवटी एका सकाळी शोदमोन आला. चहाची वाटी बाजूला ठेवून त्याने फोनवर बोटं फिरवायला सुरुवात केली.

"मावशी, गाय रवंथ करते. ते बघायला सेकंदाला पंचवीस चित्रं कशाला? पाच पुरेत. तीही लहान."

"ओळखू येईल ना रे ती?"

"गाय आहे एवढं कळेल. तिचं लग्न थोडंच जमवायचंय?"

मग त्याने सांगितलं, की आता काही हललं तरच कॅमेरा पाठवेल, नाही तर गप्प राहील. अंगणात एक अडचण निघाली. पॉपलरचं पान हललं तरी त्या बावळटाला चोर आल्यासारखं वाटायचं. शोदमोनने चित्रातल्या झाडाभोवती बोटाने रेघ ओढली. आता झाडाने कितीही नाच केला तरी तिकडे बघायचं नाही.

राहिला खोलीतला.

"हा भिंतीकडे तोंड करून का बसलाय? रुसलाय?"

"झाडू लागला असेल," हमरोबीबी म्हणाली, आणि उगाच सतरंजी सारखी करायला लागली.

झाडू कसला लागतोय! हिवाळ्यात तिने स्वतः स्टुलावर चढून तो वळवला होता. भिंतीवर खिळ्याला एक रोटी टांगलेली होती, सोबिरने एक घास तोडलेली. लांब निघालेल्याने निघताना रोटीचा एक घास खायचा, उरलेली त्याने परत येऊन संपवायची. तोवर ती घरात जपायची. पण सोबिरला "कधी येतोस" विचारलं की तो "बघू" म्हणायचा. पलीकडच्या गल्लीतल्या एकाने असंच "बघू, बघू" करत तिकडेच संसार थाटला होता. हमरोबीबीला त्या "बघू"ची धास्ती बसली होती. तोंडाने सांगणं जमेना, म्हणून तिने कॅमेऱ्याला सांगायला लावलं. सोबिर त्यावर अवाक्षर बोलला नाही. बघतच नसेल, असं तिने मनाशी धरलं होतं.

शोदमोनने रोटीकडे पाहिलं. "हाही हललं तरच चालू होईल असा करतो. रोटी कुठे पळून जातेय?"

"रोटी नाही रे पळत," ती म्हणाली. हा होता तसाच चालू राहू दे असं सांगायला हवं होतं, पण जीभ उचलली नाही. जो बघतच नाही, त्याचं काय अडणार होतं?

संध्याकाळी सोबिरचा फोन आला, आणि चित्र इतकं स्वच्छ, की तिला लेकाच्या कानशिलावरचे पांढरे केस दिसले.

"आई, रोटी उतरवलीस?" नमस्कार ना चमत्कार, त्याने हेच विचारलं.

"मी कशाला उतरवू?"

"सकाळपासून चौकट काळी आहे. वाटलं, उंदरांनी नेली. नाही तर तूच कंटाळून काढून टाकलीस. दिवसभर हात चालेना कामावर."

"तू बघतोस?"

"रोज. निघायच्या आधी."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"तू तरी कुठे बोललीस?"

हमरोबीबीने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. मग शोदमोनचा सगळा प्रताप सांगितला. "हललं तरच दिसतं म्हणे. उद्या बोलावते त्याला, पहिल्यासारखं करायला."

"नको, राहू दे," सोबिर म्हणाला. "तू धूळ झटकायला यायचीस ना, तेव्हा नुसता हात दिसायचा तुझा. त्या हातासाठी थांबायचो मी. बस चुकायची. आता तू आलीस की चालू होईल, हे बरंच आहे. नुसती रोटी किती बघायची?"

हमरोबीबीने मान वळवून खिळ्यावरच्या रोटीकडे बघितलं.

"दगड झाली असेल ना ती?" त्याने विचारलं.

"चहात बुडवून खाशील."

"खाईन. जर्दाळू पिकले की येतो."

या वेळी "बघू" नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ठेवणीतला रुमाल बांधला. स्टुलावर चढून कॅमेरा जरासा वळवला, खिळ्याशेजारी माणूस मावेल इतकाच. मग रोटीजवळ जाऊन फोटोला उभं राहतात तशी ताठ उभी राहिली. आणि एकदम आठवलं, हललं नाही तर हा गप्प होईल. म्हणून त्याची बस सुटायची वेळ होईपर्यंत ती तिथेच उभी राहून हात हलवत राहिली.