गलेफ घातलेला तंबू

मी एक जुना तंबू आहे. म्हणजे तितका जुना नाही, जुना केलेला. मित्रांनो, हा फरक मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

जन्माने मी नारिंगी नायलॉनचा, ॲल्युमिनियमच्या काठ्यांचा. दोन हजार सालच्या हिवाळ्यात इतिहास शिकवणाऱ्या सविता मॅडमना घोडनदीच्या काठी जुन्या काळची छावणी उभारून मुलांना दाखवायची होती. त्यांनी मला शिरूरच्या बाबुलालमामांकडे दिलं. मामा मंडपाची कापडं शिवत.

मामांनी मांजरपाट बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळलं आणि माझ्यावर बसवलं. काठ्यांना काथ्या गुंडाळला. चेन झाकून वर दोरीचे बंद लावले. कारखान्याचा वास जावा म्हणून गोवऱ्यांच्या धुरावर धरलं. शेवटी शोभेला पाठीवर हिरव्या साटिनची पट्टी शिवली.

"अवं, ही राहुटी हाय का गलेफ?" त्यांच्या पत्नी शहाबानो म्हणाल्या. गलेफ म्हणजे पिराच्या कबरीवर घालतात ती चादर.

"तुला समदीकडं पीरच दिसतो," मामा हसले.

मी लांबट, बुटका. वर हिरवी कड. त्यातलं साम्य तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

शिबिराच्या आदल्या दिवशी मला नदीकाठी उभं केलं. मॅडमना ताप भरला, त्या माझ्या आत निजल्या. मदतीला आलेले बाकीचे सरपणाला गेले. तिन्हीसांजेला शेळ्या घेऊन कस्तुराबाई आल्या. त्यांचा मुलगा माऊली टँकर घेऊन गेला, तो तीन वर्षं परतला नव्हता. काल मोकळ्या असलेल्या जागी त्यांना मी दिसलो. त्यांनी चपला काढल्या, माझ्या पायथ्याशी डोकं टेकलं.

"बाबा, कुठं का आसंना, पर माझा माऊली जित्ता हाय का?"

आतून तापात कण्हण्याचा आवाज आला. "हाय... हाय..."

कस्तुराबाई हात जोडून उठल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण तंबूला तोंड असतं ते फक्त आत शिरायला.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे ऊदबत्त्या होत्या, साखर होती. मॅडमनी कस्तुराबाईंना परोपरीने समजावलं. शिबिर संपलं, माझी घडी मामांकडे परत आली. तरी कस्तुराबाई मामांच्या दारात येऊन बसल्या.

"एकडाव उभा करा त्याला. म्या इचारते आन् जाते."

"मावशी, आत मॅडम व्हत्या. तापानं कण्हत व्हत्या."

"कण्हल्या त्या. पर हाय म्हणाया त्यांना कुणी लावलं?"

शहाबानो हळूच मामांना म्हणाल्या, "उभा करा की. भर उन्हात करा. दिसू द्या तिला आत काय हाय ते."

मामांनी मला अंगणात उभं केलं आणि कस्तुराबाईंच्यादेखत उसवायला घेतलं. हिरवी पट्टी गेली, मांजरपाट गेलं, नारिंगी नायलॉन उघडं पडलं. "बघा मावशी. कारखान्याचा माल. रिकामा."

कस्तुराबाई रांगत आत आल्या. वारा नव्हता. त्यांनी ओठ घट्ट मिटले होते, गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी काही विचारलंच नाही.

आणि आवाज आला. "हाय."

बाहेर मामांच्या हातातली कात्री खाली पडली. मावशीच बोलल्या, असं ते आजही सांगतात. पण मित्रांनो, त्यांचे ओठ माझ्याइतके जवळून कुणीच पाहत नव्हतं. मीही बोललो नाही. बहुतेक नाही.

कस्तुराबाई डोळे पुसून बाहेर आल्या आणि शेळ्यांकडे गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. माऊलीही आला नाही.

मी आता मामांच्या माळ्यावर आहे. मित्रांनो, तंबू ओला ठेवू नका, उंदरांपासून जपा, त्याला हवं तसं नटवा. एवढंच करा, की घडी घालण्यापूर्वी आत कुणी राहिलंय का, ते हाक मारून बघत जा. माझ्या वेळी कुणी बघितलं नव्हतं.